मी आलो की मी आले?

(पत्र मोठं होतं. नावगाव काढून आणि थोडं कापून देतेय.)

«ताई नमस्कार. मी २५ वर्षांची, गाव कोल्हापूर जिल्ह्यात, पुण्यात आयटी कंपनीत टेस्टिंगला आहे. आमच्याकडं सगळ्या बायका 'मी आलो, मी जेवलो, मी चाललो' असंच म्हणतात, आई, आज्जी, सगळ्या. पुण्यात आल्यावर टीममध्ये पहिल्यांदा 'मी आलो' म्हटलं तर सगळे हसले, एकजण म्हणाला मुलगी असून आलो काय. मग मी ऑफिसात 'आले, गेले' बोलायला शिकले, घरी फोनवर मात्र आपोआप 'आलो' येतं. आधी मला पण गंमत वाटायची, आता डोक्यात भुंगा लागलाय. केस मी कानापर्यंत कापलेत, कॉलेजला कबड्डी खेळायचे, साडी नेसली की दुसऱ्याचे कपडे घातल्यासारखं वाटतं, मेकअप येत नाही. मागच्या महिन्यात टीममधल्या एका मैत्रिणीनं बाजूला घेऊन विचारलं, तू नॉन-बायनरी (म्हणजे धड बाई पण नाही, पुरुष पण नाही असं) आहेस का, असशील तर सांग, आम्ही ओके आहोत. ती चांगल्या मनानंच म्हणाली पण त्या रात्री झोप नाही. मग व्हिडिओ बघत बसले, सगळीकडं एकच, जेंडर इज अ सोशल कन्स्ट्रक्ट. मला वाटलं, बाई असणं जर समाजानंच माझ्यावर घातलंय तर ते काढून टाकल्यावर खाली जे उरेल ते मी, पण काढत गेले तर खाली काही उरतच नाहीये. मी बाई आहे का? नसेन तर कोण? आणि त्यात आईला बायोडेटासाठी साडीतला फोटो पाहिजे, दिवाळीच्या आत.
— आलोगेलो, पुणे»

आलोगेलो, नाव झकास घेतलंयस.

आधी त्या ऑफिसातल्या हसण्याचं बघू, कारण तुझ्या सगळ्या प्रश्नांचं मूळ तिथं आहे असं तुला वाटतंय आणि मला तसं वाटत नाही. त्या 'मुलगी असून आलो काय' वाल्याला एकदा विचार की बाबा, तुझ्या घरातल्या बायका लग्नाहून परत आल्या की 'आम्ही आलो' म्हणतात की 'आम्ही आल्या' म्हणतात? आलोच म्हणतात ना. सदाशिव पेठेतली आजीसुद्धा चारचौघींबरोबर असली की आलो, बसलो, जेवलो म्हणते आणि तिच्या बाईपणाला काडीचा धक्का लागत नाही, एकटी असली की मात्र तिला आले म्हणावं लागतं, आणि तुमच्याकडं एकटीनं पण आलो म्हटलं तरी चालतं. एवढाच फरक आहे. आणि खाली कोकणात नाहीतर गोव्यात उतरलीस तर अजून मजा, तिथं लहान किंवा बिनलग्नाच्या मुलीबद्दल नपुंसकलिंगात बोलतात, 'तें चेडूं आयलें' असं, आणि तीच पुढं मोठी झाली, संसाराला लागली की मग 'ती' होते. म्हणजे बाई कधीपासून बाई, आणि कुठल्या क्रियापदापासून बाई, हे शंभर-दोनशे किलोमीटरवर बदलतं. तू कोल्हापुरात असतीस तर 'मी आलो' म्हटल्यावर तुझ्याबद्दल लोकांना एवढंच कळलं असतं की तू आलीस. (कावळा नाक्यावर ताराराणी घोड्यावर बसून तलवार उगारून आहे, तिथून रोज बायका 'चाललो गं' म्हणत जातात, कुणाला काही प्रश्न पडत नाही.)

तेव्हा बोलण्यावरून तुझ्या जेंडरचं काहीही सिद्ध होत नाही, ना इकडचं ना तिकडचं. तू तुझी बोली बोलतेस, बस.

आता तो व्हिडिओंमधला मुद्दा, जेंडर समाजानं बनवलेलं असतं. हे खरंय, मला मान्य आहे. पण तू त्यावरून दोन उड्या मारल्यास आणि दोन्ही मला पटत नाहीत. पहिली उडी म्हणजे समाजानं बनवलंय म्हणजे ते खोटं, वरवरचं, काढून फेकता येण्यासारखं. अगं जात पण माणसांनीच बनवली, निसर्गात कुठं नाही, रक्त तपासलं तर निघत नाही, म्हणून ती खोटी झाली का? आईनं जो बायोडेटा टाइप करून घेतलाय त्यात नाव आणि जन्मतारखेच्या जवळपास कुठली ओळ आहे बघ जरा. माणसांनी बनवलेल्या गोष्टीच जास्त चिवट असतात, त्यांच्यावर लग्नं ठरतात, घरं भाड्यानं मिळतात आणि नाकारली जातात.

हा विचार काही रीलवाल्यांनी काढलेला नाही. १९४९ साली फ्रान्समध्ये सिमोन द बोव्हुआरनं लिहून ठेवलं की बाई जन्मत नाही, बाई होत जाते, आणि १९९० मध्ये अमेरिकेत ज्युडिथ बटलरनं त्याच्याही पुढं जाऊन म्हटलं की जेंडर म्हणजे आपण रोज परत परत करत राहतो त्या गोष्टी, त्या करण्याच्या मागं आधीपासून तयार असलेली कुणी बाई किंवा पुरुष बसलेला नसतो. याचं मग ३० सेकंदात 'मनाला येईल ते घाला, मनाला येईल ते व्हा' झालं. बटलरला हे असं म्हणायचंच नव्हतं, सकाळी उठून कपाट उघडायचं आणि आज हे जेंडर घालते असं नसतं, हे तिनं नंतर वेगळं सांगितलंय. पण ते कोण ऐकतंय.

आपल्याकडचंच बघायचं तर बालगंधर्व घे. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८, म्हणजे पुरुष माणूस. नाटकात बाईनं काम करणं तेव्हा घरंदाज समजत नव्हते म्हणून बायकांच्या भूमिका पुरुषांनी करायच्या, आणि यांनी भामिनी, रुक्मिणी, सिंधू अशा केल्या की घराघरातल्या बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला लागल्या, तसे दागिने, तशी केसात फुलं. आता सांग, नक्कल कोण कुणाची करत होतं? त्यांनी बायकांकडं बघून उचललं, थोडं सुंदर करून स्टेजवर मांडलं, आणि खऱ्या बायकांनी ते बघून घरी नेलं. आणि आपल्या आज्या-पणज्यांचं जे 'खानदानी मराठी बाईचं रूप' म्हणून आपण जुन्या फोटोत बघतो त्यातला काही भाग या देवाणघेवाणीतून आलेला. मला हे सगळ्यात आवडतं ते याच्यासाठी की यात कुणी फसवलं नाही आणि कुणी फसलं पण नाही, त्या बायका त्या साडीत खऱ्याच बायका होत्या.

पुरुषांचं पण तेच. पेशवाईत पुरुष कानात मोत्यांची भिकबाळी घालायचे, आज गणपतीत ढोलपथकात भिकबाळी चालते, पण सोमवारी तुझ्या ऑफिसात एखादा पोरगा दोन्ही कानात डूल घालून आला तर तुझी तीच मैत्रीण त्यालाही बाजूला घेईल. आणि तुझ्या आईला ज्या साडीतला फोटो पाहिजे ती पाचवारी ना? तुझ्या पणजीनं काष्टा घालून शेतात भांगलण केली असेल, पाय मोकळे, तिला ही गोल साडी शहरातली फॅशन वाटली असती. म्हणजे आई ज्याला परंपरा म्हणतेय ती फार जुनी नाही. हे आईला सांगून भांडण जिंकू नकोस, नुसतं तुझ्या माहितीसाठी सांगतेय.

दुसरी उडी जास्त मोठी आहे. 'बाईचा जो साचा आहे त्यात मी बसत नाही, म्हणून मी बाई नाही.' इथं मला ताराबाई शिंदे आठवतात, बुलढाण्याच्या. सुरतमध्ये विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला स्वतःचं नवजात मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली, मग बायकाच कशा वाईट यावर छापून यायला लागलं, आणि ताराबाईंना इतका राग आला की त्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून काढलं. त्यांचं म्हणणं साधं होतं, जे जे दोष बाईच्या नावावर लावता ते तुमच्यात नाहीत का? त्या साच्याला त्यांनी यथेच्छ झोडपलं, पण मी बाई नाही असं त्या म्हणाल्या नाहीत. बाई राहूनच साच्याशी भांडल्या. साडी अंगाला टोचणं, मेकअप न येणं, कबड्डी आवडणं, केस कापणं, यातलं एकही कारण बाईपणातून बाहेर पडायला पुरत नाही. ते पुरतंय असं मानलं तर त्याचा अर्थ असा होतो की बाई म्हणजे साडी, मेकअप आणि लांब केस, आणि हे तर तुझ्या त्या हसणाऱ्या माणसाचंच म्हणणं झालं. नवीन शब्दात, चांगल्या मनानं, पण तेच.

थांब, यावरून असं समजू नकोस की मी तुला 'तू बाईच आहेस, गप बस' सांगतेय. कारण समाज काहीही ओतेल आणि माणूस त्या आकाराचा होईल असंही नसतं. कॅनडात विनिपेगला १९६५ साली जुळे मुलगे झाले. त्यातल्या एकाचं लिंग लहानपणीच सुंता करताना डॉक्टरांच्या हातून जळालं. जॉन मनी नावाचे मोठे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांचं मत असं की लहान मुलाला जसं वाढवाल तसं त्याचं जेंडर होतं, त्यांनी सल्ला दिला की याला मुलगी म्हणून वाढवा. नाव मुलीचं, फ्रॉक, बाहुल्या, पुढं हार्मोनच्या गोळ्या, आईवडिलांनी सगळं केलं, आणि कित्येक वर्षं हे प्रकरण यशस्वी म्हणून जगभर शिकवलं गेलं. प्रत्यक्षात त्या मुलाला कधीच ते पटलं नव्हतं. किशोरवयात त्याला खरं सांगितल्यावर त्यानं मुलगा म्हणून जगायला सुरुवात केली, डेव्हिड रायमर हे नाव घेतलं. २००४ साली त्याचा फार दुःखद शेवट झाला. एका माणसाच्या गोष्टीवरून सगळं शरीरातच असतं असं सिद्ध होत नाही, तसं म्हणणारेही घाई करतात, पण एवढं नक्की कळतं की सगळ्या गावानं मिळून सांगितलं तरी आतून 'नाही' येऊ शकतं. ते 'नाही' जेव्हा येतं तेव्हा ते कपड्यांपुरतं नसतं.

आता तुझा खरा प्रश्न, काढत गेले तर काही उरत नाही. मला वाटतं उरणारच नाही. कुणाचंच उरत नाही. तुझी बोली आईकडून आली, कबड्डी शाळेतल्या सरांकडून आली असेल, हट्टीपणा बहुतेक आज्जीचा, हे 'समाजाचं' म्हणून बाजूला ठेवत गेलीस तर रिकामी खोलीच हाताला लागेल. जॉर्ज हर्बर्ट मीड म्हणून शिकागोला एक तत्त्वज्ञ होते, १९३१ साली वारले, त्यांनी हे छान मांडलंय. ते म्हणायचे की माणसाचा स्व आधी तयार होतो आणि मग तो समाजात जातो असं होतच नाही, लोकांच्यात वावरूनच तो तयार होतो. त्यात एक भाग असतो लोक आपल्याकडं कसे बघतात ते आपण आत घेऊन बसलेलो असतो तो, आणि दुसरा भाग असतो त्याला उत्तर देणारा. उत्तर काय येईल हे आधी कुणालाच माहीत नसतं, आपल्याला पण नाही. हा दुसरा भाग खाली कुठं पुरून ठेवलेला नसतो, तो उत्तर देताना दिसतो.

आणि तुझ्या पत्रात तो मला चांगला दिसला. बघ तू काय केलंयस, पूर्ण पत्र 'शिकले', 'खेळायचे', 'बघत बसले' असं लिहिलंयस, म्हणजे पुण्याचं मराठी, कारण अनोळखी ताईला लिहितेय. पण टोपणनाव निवडायची वेळ आली तेव्हा आलोगेलो. ते तुझ्यावर कुणी घातलेलं नव्हतं. ज्याच्यावरून लोक हसले तेच उचलून तू नाव केलंस. आई फोनवर असते तेव्हा आलो, ऑफिसात आले, यातली एक खरी आणि एक खोटी असं नाही, दोन्हीकडं तूच आहेस आणि कुठं काय ठेवायचं हे तूच ठरवत होतीस, फक्त ऑफिसातलं ठरवणं लाजेपोटी झालं, ते तेवढं मला टोचलं.

मग मी कोण, याचं उत्तर मी पुण्यात बसून देऊ शकत नाही आणि देणाऱ्याचं ऐकू पण नकोस. पण काही गोष्टी पत्रात नव्हत्या त्या स्वतःला विचार. मुलींच्या कबड्डी टीममध्ये असताना, बसमध्ये सगळ्याजणी दंगा करत जाताना तुला तिथं परकं वाटायचं, की तिथंच सगळ्यात मोकळं वाटायचं? भावाची-बहिणीची पोरं आत्या नाहीतर मावशी म्हणून अंगावर येतात तेव्हा काय वाटतं? खोलीत कुणी नसताना, आरशात स्वतःचं शरीर बघताना त्रास होतो का, की त्रास फक्त लोक बघायला लागले की सुरू होतो? साडीचा त्रास आज्जीच्या जुन्या लुगड्यात पण होतो, की स्थळ बघायला येणार म्हणून नेसलेल्या साडीतच होतो? कारण मला राहून राहून वाटतंय की या सगळ्यात बायोडेटाचा वाटा तुला वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. 'मी बाई आहे का' आणि 'मला बघायला येणाऱ्यांसमोर बाई म्हणून बसायचंय का' हे दोन प्रश्न एकाच वेळी आले की एकमेकांत गुंततात. आणि लग्न करायचंच आहे का, मुलाशी करायचंय का, हे अजून तिसरंच.

तरी उत्तर 'मला आतून बाई वाटतच नाही' असं आलं, वर्षभरानं, दोन वर्षांनी, तर ते पण ठीक. नॉन-बायनरी ही काही पुण्यातल्या कॉफीशॉपमध्ये निघालेली चूष नाही, अशी माणसं आहेत आणि त्यांना त्या शब्दात बरं वाटतं. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की आपलं जेंडर काय हे ठरवायचा हक्क ज्याचा त्याला. कागदपत्रांचे नियम त्यानंतर वेगळे येत राहिलेत, ती वेळ आली तर वकिलाला विचारून पुढं जायचं. फक्त एक लक्षात ठेव, दोन खणांतून पडलं की तिसऱ्या खणात जायलाच पाहिजे असं नाही, आणि तिसरा खण पण समाजच बनवतो. तुमच्या भागातून मार्गशीर्षात यल्लम्माला सौंदत्तीला एसटी भरभरून लोक जातात, तू जोगते पाहिले असशील, देवीला वाहिलेले पुरुष, साडी नेसलेले, डोक्यावर जग म्हणजे देवीची टोपली घेतलेले. गाव त्यांच्या पाया पडतं, परडीत पीठ-मीठ घालतं. आणि तोच जोगता भाड्यानं खोली मागायला गेला की तेच गाव काय करतं ते पण तू पाहिलं असशील. जागा दिलीय, पण तेवढीच, आणि त्या जागेचे पण नियम आहेत, कसं चालायचं, काय मागायचं. आता ऑफिसच्या फॉर्ममध्ये तिसरा पर्याय आलाय ते चांगलंच आहे, ज्यांना गरज होती त्यांनी तो भांडून मिळवलाय. पण तो दिसला म्हणून तू भरायलाच पाहिजे असं थोडंच आहे.

मैत्रिणीला उत्तर द्यायचं राहिलंय ना, तर सरळ सांग, 'मला माहीत नाही, आणि सध्या याच्यावर बोलायचं नाहीये, पण तू विचारलंस ते बरं वाटलं.' पूर्ण उत्तर आहे हे. आणि ऑफिसात एक दिवस 'मी आलो' म्हणून टाक, मोठ्यानं. हसले तर 'आम्ही आलो' वालं ऐकव. आणि एखाद्या दिवशी आलो पण नको नि आले पण नको वाटलं तर मराठीत तीही सोय आहे, 'मला निघायचंय', 'मी येईन', 'माझं जेवण झालं', दिवसभर असं बोललीस तरी कुणाच्या लक्षात येणार नाही.

आईचं अवघड आहे कारण ती वाईट नाहीये. तिला वाटतंय फोटो चांगला गेला की पोरीचं चांगलं होईल, आणि नातेवाईक तिला काय काय विचारत असतील ते ती तुला सांगत पण नसेल. तिच्यासमोर सोशल कन्स्ट्रक्ट काढू नकोस. फोनवर तुमच्या भाषेत सांग की आई, साडीत मी अवघडतो, फोटोत पण ते दिसतंय, त्यापेक्षा मी रोज जशी असतो तशी काढून पाठवतो. साडीतला फोटो बघून जे स्थळ येईल ते साडीतल्या मुलीला बघायला येईल, मग तिथून पुढं तुला तीच होऊन बसावं लागेल, हा हिशोब आईला कळतो, आयांना तो आपल्यापेक्षा चांगला कळतो. ती रडेल थोडी. दिवाळीची मुदत मात्र पुढं ढकलून घे, लग्नाला तयार नाहीये एवढं कारण पुरे आहे, जेंडरचं कारण आत्ता देऊ नकोस, जे तुलाच अजून माहीत नाही ते आईला काय सांगणार.

आणि झोप उडणं चालूच राहिलं तर एकटीनं व्हिडिओ बघत बसू नकोस. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची आयकॉल म्हणून समुपदेशन सेवा आहे, फोनवर बोलता येतं, ईमेल करता येतो, जेंडरच्या प्रश्नांवर बोलायची त्यांना सवय आहे, कुणी तुला घाईनं कुठल्या खणात टाकणार नाही.

फोटो मैत्रिणीला मोबाईलवर काढायला सांग, स्टुडिओत जाऊ नकोस, तिथले लोक मान तिरकी करायला लावतात.